हे घड्याळ पळते

छावणीच्या बाजारातून वर जाणाऱ्या त्या जिन्याची तिसरी पायरी अजून हलते. पाय टाकण्याआधीच माझ्या शरीराला ते आठवले आणि ती पायरी ओलांडून मी पुढे गेले. वर दाराशी मंगेश उभा होता. रत्नपारखी सरांचा हा मुलगा तेव्हा काडीसारखा होता, आता अंगाने भरला आहे. त्याने कुलूप काढले, दार खांद्याने ढकलले आणि चहा सांगायला तो खाली गेला. बस म्हणाला खरा, पण बसायला तिथे काही उरले नव्हते.

ही सरांची टंकलेखन संस्था. सरांना जाऊन काही वर्षे झाली. आता रस्ता रुंद व्हायचा आहे, त्यासाठी ही इमारत पाडतील. खोलीत भिंतीला खिळलेली लांब लाकडी फळी तेवढी होती, कोपऱ्यात गंजलेला कूलर होता आणि कोनाड्यात सरांचे गजराचे घड्याळ. मंगेशने फोनवर सांगितले होते की, ते घड्याळ तुम्हा दोघींपैकी एकीने न्यावे, अशी अण्णांची, म्हणजे सरांची, इच्छा होती. दुसरी म्हणजे सुनंदा. ती वैजापूरहून येणार होती आणि तिला उशीर झाला होता. मी फोन पाहिला, परत पर्समध्ये ठेवला, पुन्हा काढला. खिडकीशी गेले, रस्ता पाहिला, कोनाड्याशी आले. हातात घेतलेले घड्याळ बंद होते. त्याच्या पाठीवर एक छोटी कळ असते. ती एका बाजूला सरकवली की घड्याळ जलद चालते, दुसऱ्या बाजूला सरकवली की मंद. ती कळ अजून मंद बाजूला, अगदी टोकाला जाऊन टेकलेली होती.

मला ठाऊक होते ती कोणी सरकवली आणि कधी. तरीही मी ती बोटाने चाचपून पाहिली.

खोलीला आता कसलाच वास नाही. तेव्हा वासावरूनच ऋतू कळत. पावसाळ्यात भिंतींना ओल यायची आणि तिच्याबरोबर कार्बन कागदाचा, शाईच्या फितीचा, यंत्रांत घालायच्या पातळ तेलाचा जुना वास वर यायचा. टंकलेखन यंत्रे जाऊन संगणक आले तरी त्या भिंतींना ते कळलेले नव्हते. हिवाळ्यात सकाळच्या बॅचमधल्या मुलींच्या डोक्याच्या तेलाचा वास. आणि उन्हाळ्यात कूलरमधल्या वाळ्याचा. वाळा ओला असला तर तो वास गोड असतो. कोरडा पडला की त्याला जुन्या केरसुणीचा वास येतो. त्या वर्षी मार्चपासूनच केरसुणीचा वास सुटला.

दुष्काळाचे ते लागोपाठ दुसरे वर्ष होते. शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येईल याचा नेम नव्हता. गल्लीच्या तोंडाशी टँकर आला की हंडे एकमेकांवर आपटल्याचा आवाज व्हायचा, तो वर खोलीत यायचा आणि सरांचा हुकूम मोडून सगळ्यांची बोटे एकदम थांबायची. दुसरीकडे शहर वाढत होते. जालना रस्त्यावर पुलांचे खांब उभे राहात होते, शेंद्र्याकडे नव्या कंपन्यांची लांबलचक कुंपणे चालली होती. त्याच रस्त्याने करमाडहून रोज दुपारी सुनंदा यायची. तिच्या वडिलांची मोसंबीची बाग होती. त्या उन्हाळ्यात बागेला द्यायला पाणी उरले नाही, म्हणून त्यांनी झाडे तोडायला काढली होती. ती म्हणायची की मोसंबीचे लाकूड जळताना धुरालाही फळाचा वास येतो. तिच्या ओढणीला तो येत असे. मी शेजारच्या यंत्रावर बसायची, म्हणून मला माहीत.

मी विज्ञान शाखेच्या शेवटच्या वर्षाला होते आणि टंकलेखन शिकत होते ते रिकाम्या वेळात हाताला काही तरी असावे म्हणून. सुनंदाचे तसे नव्हते. शासनाची मिनिटाला चाळीस शब्दांची टंकलेखन परीक्षा तोंडावर आली होती. प्रमाणपत्र मिळाले तरच तिला लिपिकाच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता. वडिलांनी तिला एकदाच बसू देईन, असे सांगितले होते. नाही जमले तर चुलत बहिणीबरोबर शेंद्र्याच्या कंपनीत खोकी भरायला जायचे, हे ठरलेले होते. खोकी भरण्यात वाईट काही नाही, असे ती स्वतःच म्हणायची. मग थोडे थांबून म्हणायची, "पर मला बसून काम पायजे गं. टेबलावर. माझ्या नावाची पाटी आसलेल्या."

सरांची शिस्त टंकलेखन यंत्रांच्या काळातली होती. खोलीत कोणाच्या मनगटावर घड्याळ चालत नसे. पट्ट्याने मनगट आखडते, असे त्यांचे म्हणणे. शिवाय शिकणाऱ्याने वेळेकडे पाहायचे नसते, वेळ पाहणे हे शिकवणाऱ्याचे काम. मोबाइलसुद्धा दाराशी एका लाकडी पेटीत ठेवावे लागत. पूर्वी ते हे गजराचे घड्याळ टेबलावर ठेवून सात मिनिटांचा उतारा घालीत आणि 'थांबा' म्हणत. त्यांच्या त्या 'थांबा'नंतर एक कळ जरी वाजली तरी तो कागद ते फाडून टाकीत. संगणक आल्यावर सात मिनिटे पडद्यावरच मोजली जाऊ लागली, गतीचा आकडाही तिथेच उमटू लागला. चाळीस वर्षे कोणाच्याही घड्याळावर विश्वास न ठेवलेल्या सरांनी संगणकाच्या वेळेवर मात्र शंका घेतली नाही. हे यंत्र मोजण्यासाठीच जन्मले आहे, असे ते आदराने म्हणत. रोज दुपारी संस्था बंद करताना ते पडद्यावरची वेळ पाहून आपले घड्याळ लावीत.

संगणक जुने होते. परीक्षेची नवी प्रणाली त्यांना झेपत नव्हती. कळ दाबली की अक्षर पडद्यावर मागाहून, रेंगाळत यायचे. मंगेश तेव्हा डिप्लोमा करत होता. त्याने ती सगळी यंत्रे ओव्हरक्लॉक केली. ओव्हरक्लॉक करणे म्हणजे प्रोसेसरचे ठोके कारखान्याने ठरवले त्याहून जलद करणे. आज माझ्या वर्गातल्या मुलांना मी हे समजावते तेव्हा त्यांना छातीवर हात ठेवायला सांगते आणि मग जागच्या जागी धावायला लावते. ठोका वाढतो, काम वाढते आणि अंग तापते. तिसरी गोष्ट विसरायची नाही.

सकाळी यंत्रे सुरेख चालत. अक्षर बोटाखालून उमटल्यासारखे येई. पण दुपारी पत्र्याचे छत तापायचे आणि कूलरमध्ये घालायला पाणी नसायचे. तो नुसताच गरम वारा ढकलत घरघरायचा. मग एखादे यंत्र मध्येच गोठायचे, निळा पडदा दाखवून बंद पडायचे आणि कोणाचा तरी सगळा उतारा वाया जायचा. यावर मंगेशने तोड काढली. जेवणाच्या सुट्टीत, यंत्रे चालू असतानाच, एका छोट्या प्रणालीतून तो ठोके कमी करून ठेवी. सगळी यंत्रे बंद करून पुन्हा चालू करायची तर ती जुनी धुडे उठेपर्यंत बॅचचा बराच वेळ गेला असता. हे त्याने कोणाला सांगितले नाही, कारण त्यात सांगण्यासारखे काही आहे असे त्याला वाटले नाही.

आणि आमची दुपारची बॅच हुशार निघाली.

आठवते ते असे: खिडकीचा अर्धवट ओढलेला पडदा, त्याच्या फटीतून फळीवर पडलेली उन्हाची पट्टी, घामाने कळांवर घसरणारी बोटे आणि उतारा संपताच एकामागून एक उमटणारे आकडे. आम्ही शिकाऊ, बहुतेकजणी लग्न झालेल्या किंवा खेड्यावरून येणाऱ्या. सकाळच्या बॅचला कॉलेजची तरतरीत मुले. पण आकडे आमचे चढत होते. सर प्रत्येकीच्या मागे उभे राहून पडद्याकडे पाहत आणि काही न बोलता पुढे जात. त्यांचे न बोलणे म्हणजे शाबासकी. सुनंदाने चाळीसचा आकडा प्रथम गाठला त्या दिवशी तिने पिशवीतून तीन मोसंबी काढली. बागेतली शेवटची. सुकून चिवट झालेली, रस कमी आणि गोडी फार. सालीच्या तुषारांनी खोलीचा वास क्षणभर बदलला आणि मागल्या बाकावरच्या काकू म्हणाल्या, "सरकारी साहेबीण झाल्यावर इसरू नको बरं आम्हाला. दाखल्याला आलो तर रांगेत उभं करशील."

सुनंदाला त्या दिवसांत एकच तक्रार होती. तिची जीप रोज चुकायची. जालना रस्त्यावरून करमाडकडे जाणारी ती काळीपिवळी ठरल्या वेळी सुटे. बॅच पडद्यावरच्या घड्याळानुसार वेळेवर सुटत होती, आम्ही कुठे रेंगाळत नव्हतो, तरी ती पोचेपर्यंत जीप गेलेली असे. मग पुढच्या जीपची वाट, अंधारात घर आणि वडिलांची बोलणी. एकदा आम्ही जिना उतरत असताना ती सहज म्हणाली,

"या खोलीत येळ लांबतो बघ. आत एक आन बाहेर दुसरा."

मी हसले. पण ते वाक्य माझ्या डोक्यात खड्यासारखे राहिले, कारण त्याच आठवड्यात सर आपल्या घड्याळाला नावे ठेवत होते. दुपारी बंद करताना घड्याळ संगणकापेक्षा दहा-बारा मिनिटे पुढे असते, म्हणून ते मागे करावे लागते आणि सकाळी उघडताना पाहावे तर तेच घड्याळ तेवढेच मागे, ते पुन्हा पुढे करावे लागते. त्यांनी पाठीवरची कळ सरकवत सरकवत मंद बाजूच्या टोकाला नेली होती. "म्हातारं झालं," ते म्हणाले, "माझ्यासारखं. सकाळी उठवत नाही आणि दुपारी धीर धरवत नाही."

त्या रात्री मला झोप लागेना. खोटे घड्याळ एकाच बाजूला चुकते. मंद असेल तर मंदच, जलद असेल तर जलदच. जे दुपारी पुढे आणि सकाळी मागे पडते, त्याच्यात दोष नसावा. दोष आपण ज्याच्याशी ते ताडून पाहतो आहोत त्याच्यात असावा.

दुसऱ्या दिवशी मी मंगेशला गाठले. तो आधी चिडला. मग त्याने क्रमाने शोध सुरू केला, आणि हे त्याच्याबद्दल आजही मला आवडते की, एकदा शोध सुरू झाला की त्याचा अहंकार कुठे तरी गळून पडत असे. संगणक बंद असताना वेळ राखायला आत नाण्याएवढा सेल असतो. तो संपला तर वेळ चुकते, हा पहिला संशय. नवा सेल बसवला. काही फरक नाही. आणि तसे पाहता सकाळी वेळ बरोबरच असे, म्हणजे सेल निर्दोष. व्हायरस असेल म्हणून तपासणी झाली. वेळेच्या सेटिंग उलटसुलट पाहिल्या. शेवटी सरांच्या परवानगीने आम्ही पेटीतून माझा मोबाइल काढला आणि सुनंदाच्या पडद्याशेजारी उभा करून ठेवला. सकाळी दोन्हींचे सेकंद पावलाला पाऊल लावून चालले. दुपारी पुन्हा ठेवला. सुरुवातीला काहीच दिसेना. मग पडद्यावरचा सेकंद किंचित मागे पडला, पुन्हा थोडा आणि पाहता पाहता दोघांमध्ये अंतर पडत गेले.

"सकाळी नाही आणि दुपारी आहे," मी म्हणाले. "मधल्या सुट्टीत काय बदलतं?"

मंगेशने माझ्याकडे पाहिले, मग कूलरकडे. "सुट्टीत मी ठोके कमी करतो," तो म्हणाला.

गोष्ट अशी होती. संगणक सुरू होताना एकदाच मोजून घेतो की आपले किती ठोके म्हणजे एक सेकंद. तो हिशेब मग दिवसभर खरा धरून चालतो. मध्येच कोणी ठोके मंद केले तर त्याला ते कळत नाही. तो तितकेच ठोके मोजतो आणि तेवढे झाले म्हणजे सेकंद झाला, असे मानतो. त्याचा सेकंद लांबतो. रात्री यंत्र बंद झाले की सेलवरचे घड्याळ खरी वेळ राखते, म्हणून सकाळी सगळे पुन्हा बरोबर. आमची सात मिनिटे खरी पाहता पावणेआठच्या घरात होती. मंगेशने कमी केलेल्या ठोक्यांवरच एक यंत्र बंद करून पुन्हा चालू केले; यंत्राने नव्याने मोजून घेतले आणि त्याची वेळ मोबाइलशी तंतोतंत जुळली. शंका उरली नाही. सुनंदा म्हणत होती तेच खरे होते, त्या खोलीत वेळ लांबत होता आणि आम्ही त्या लांबलेल्या वेळात चाळीस गाठत होतो. खरे छत्तीस.

परीक्षा पंधरवड्यावर होती.

मंगेशचे म्हणणे पडले की, सांगू नये. घड्याळ गुपचूप दुरुस्त करावे, दोन दिवस आकडे उतरतील, उन्हामुळे उतरले असे सांगता येईल. ऐन वेळी मन मोडले तर बोटेही मोडतील. सर खुर्चीत बसून ऐकत होते. हातात ते घड्याळ होते, ज्याला त्यांनी रोज दोनदा खोटे ठरवले होते. त्यांनी विचारले, "आकडा उतरला की पोरी काय समजतील? आपणच मठ्ठ झालो. ते तू त्यांच्या माथी मारणार?"

दुपारी त्यांनी सगळ्यांना बोटे उचलायला सांगितली आणि उभे राहून, धडा समजावतात तसे, सगळे सांगितले. तुमची मेहनत खरी आहे, तिचे माप चुकले होते, आणि चूक संस्थेची आहे. कूलर घरघरत होता. काकू म्हणाल्या, "म्हंजे इतके दिवस मी सासूबाईला थापाच मारल्या म्हना की." थोडे हसू झाले. सुनंदा हसली नाही. तिने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले. त्या दिवशी ती जागेवरून लवकर उठली आणि तिला जीप मिळाली.

दुसऱ्या दिवशी तिची जागा रिकामी राहिली. माझी बोटे चालत होती आणि कान जिन्याकडे होते. तिसरी पायरी वाजली की मी मान वळवायची. त्यानंतरच्या दिवशी ती वाजली आणि दारात सुनंदा उभी होती. हातात दोन मोठ्या बाटल्या. त्यांतले पाणी गढूळ पांढरे होते. तांदूळ-डाळीचे धुवण, फडक्यातून गाळलेले. घरी ते शेळीला द्यायचे, ते तिने मागून आणले होते. बाटल्या तिने कूलरपाशी ठेवल्या आणि सरांसमोर जाऊन उभी राहिली.

"सर, मंगेशदादानं येळ लांबवला तसा आखूड बी करता येतो का?"

मंगेश म्हणाला की, येतो. यंत्र साध्या ठोक्यांवर चालू करायचे आणि मग मध्येच ठोके वाढवायचे. त्याचा सेकंद लवकर संपेल, घड्याळ पळू लागेल. पण यंत्र तापेल.

"म्हनून पानी आनलं," ती म्हणाली. "माझ्या एकटीच्या मशीनवर करा. आता घडी पळू द्या, मी तिच्या मागं पळते."

सरांना ते रुचले नाही. एका खोट्यावर दुसरे खोटे चढवायचे नसते, असे काही तरी ते म्हणाले. सुनंदाने मान खाली घातली नाही.

"सर, मला ठाऊक आसल्यावर ते खोटं कसं व्हईल?"

सरांनी खिशातून पेन काढले. मग टेबलाशी गेले, एका कोऱ्या चिठ्ठीवर आपल्या वळणदार अक्षरात तीन शब्द लिहिले आणि ती चिठ्ठी खिडकीजवळच्या तिच्या संगणकाच्या पडद्याच्या कडेला डिंकाने चिकटवली: 'हे घड्याळ पळते.' खाली त्यांनी सही केली. चुकून दुसरे कोणी तिथे बसले तर त्याची फसवणूक होऊ नये म्हणून.

तो पंधरवडा मला वासाने आठवतो. ओल्या वाळ्याला तांदळाच्या धुवणाचा, किंचित आंबूस, शिजू घातलेल्या भातासारखा वास. दुसऱ्या दिवशी काकूंनीही घरून धुवण आणले, मग आणखी कोणी. पिण्याचे पाणी कूलरमध्ये घालायचे नाही, हा सरांचा दंडक. जे आले ते गाळून घालायचे. सुनंदाच्या पडद्यावर आकडा पार बत्तीसवर कोसळला होता. सात मिनिटे सुरू होत न होत तोच संपत. ती लगेच पुन्हा सुरू करी. सर हे गजराचे घड्याळ हातात घेऊन तिच्या मागे बसत आणि खरा वेळ मोजत. खरा आकडा त्यांना कळत असे, पण त्यांनी तो तिला सांगितला नाही आणि तिनेही विचारला नाही. तिच्या बोटांचा आवाज बदलत गेला. आधी तो थांबून थांबून येणाऱ्या सरींसारखा तुटक होता. मग सलग झाला. माझ्या स्वतःच्या उताऱ्यात मी चुका करू लागले, कारण माझे लक्ष त्या आवाजात असे, आणि मला विनाकारण कासावीस वाटे. माझे काहीच पणाला लागलेले नव्हते. परीक्षेत नापास झाले असते तरी माझे काही अडत नव्हते, आणि हे मला त्या दिवसांत फार टोचायचे.

शेवटच्या दिवशी पळत्या घड्याळावर तिचे अडतीस आले. चाळीस नाही. तिने चिठ्ठीवरून एकदा बोट फिरवले आणि यंत्र बंद केले.

परीक्षेचे केंद्र शहराबाहेरच्या एका नव्या कॉलेजात होते. काचेच्या भिंती, थंडगार खोली, नवीकोरी यंत्रे. मी आधी सुटले आणि बाहेर कडुनिंबाखाली उभी राहिले. सुनंदाचे वडील तिथेच उकिडवे बसले होते, पागोट्याच्या टोकाने तोंड पुसत. त्यांनी मला विचारले, "पोरगी तुमच्यासारखीच हाय का हुशार?" मी म्हणाले, माझ्यापेक्षा पुष्कळ. त्यांचा विश्वास बसला नाही, पण ऐकून बरे वाटले असावे. सुनंदा आली ती हात काखेत धरून, बोटे गारठली म्हणून. मी काही विचारणार, तोच ती म्हणाली,

"तिथली मिनिटं लई मोठी व्हती गं. सगळं झालं तरी संपंनात. शेवटाला मी नुसती बसून राहिले, घडीकडं बघत."

ती पास झाली. मीही झाले. पुढच्या वर्षी पाऊस झाला, बागेच्या जागी कपाशी आली, मग त्या जमिनीशेजारून मोठा रस्ता गेला. सुनंदा आता वैजापूरच्या एका कचेरीत आहे आणि तिच्या टेबलावर तिच्या नावाची पाटी आहे. मी शाळेत संगणक शिकवते. मुलांना दोन घड्याळांची गोष्ट सांगते: एक नाण्याएवढ्या सेलवर चालणारे, बंद असतानाही वेळ राखणारे आणि दुसरे ठोके मोजणारे, मधले बदल न कळणारे. त्यांना ती गंमत वाटते. मला अलीकडे वाटत नाही. माझेही माप कधी तरी एकदाच घेतले गेले असावे, बहुधा याच खोलीत, त्या उन्हाळ्यात. एक दुपार म्हणजे किती, हे मी तिथे शिकले. नंतर शहराचे नाव बदलले, रस्ते बदलले, सगळ्याचे ठोके वाढले आणि मी अजून त्या जुन्या मापाने मोजते आहे. म्हणून प्रत्येक दिवस मला वेळेआधीच संपलेला दिसतो. म्हणून मी फोन काढते, ठेवते, पुन्हा काढते.

तिसरी पायरी वाजली.

सुनंदा आत आली ती धापा टाकत. केस कानांमागे थोडे पांढरे, खांद्याला कचेरीची पिशवी. तिने मला पाहिले, खोली पाहिली, मग कूलरजवळ जाऊन उगाच त्याच्या जाळीला हात लावला. "वाटंत कांद्याच्या गाड्याच गाड्या," ती म्हणाली. "किती वाजले?"

मी घड्याळ पुढे केले. मंगेश चहाचे ग्लास घेऊन आला होता. तो म्हणाला की, ती कळ मधोमध आणून द्यावी असे त्याला कितीदा वाटले, पण अण्णा आणू देत नसत. खरे काय ते कळल्यावरही नाही. असू दे म्हणायचे, डोळ्यासमोर असू दे. सुनंदाने घड्याळ उलटे केले, टोकाला टेकलेली कळ पाहिली आणि ती न हलवता किल्ली दिली. टिकटिक सुरू झाली. रिकाम्या खोलीत ती फार मोठी वाटली.

"तू ने," मी म्हणाले.

"नेते. पर आधी एक काम कर." तिने पिशवी खाली ठेवली, पदराने फळीवरची धूळ पुसली आणि खिडकीजवळ, आपल्या जागी, उभ्यानेच बोटे टेकवली. "मिनिट लाव."

तिची बोटे लाकडावर चालू लागली. डोळे समोरच्या भिंतीवर, जिथे उतारा टांगलेला असायचा. आवाज सलग होता, अजून तसाच. मंगेश ग्लास हातात धरून दारातच थांबला. मी घड्याळ तळहातावर घेऊन उभी होते, सेकंदकाटा आपल्या मंद चालीने वर येत होता आणि कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा मला खिडकीकडे जावेसे वाटले नाही. काटा बारावर आला, पुढे गेला. मी थांबा म्हणाले नाही.